इंदूर ते मुंबई : दर्शनाची वाट

इंदुराहून मुंबईस जाऊन आपली कला लोकांपुढे मांडावी, ही रीत दूरचित्रवाणीने नव्याने पाडलेली नव्हे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर ह्यांची चित्रशाळा इंदुरात १९२७ साली सुरू झाली. परंतु तेथे शिकलेले नारायण श्रीधर बेंद्रे ह्यांना १९३३ मध्ये शासकीय पदविका मिळाली ती मुंबईची. विद्या घरची, मान्यता परगावची, असा हा संबंध होता.

आकाशवाणीने तो काही अंशी पालटला. १९५५ मध्ये इंदूर केंद्र सुरू झाले आणि माळव्याचा आवाज माळव्यातूनच घरोघर पोहोचू लागला. दूरचित्रवाणीने ही वाट पुन्हा महानगराकडे वळविली. दिल्लीत तिचा प्रारंभ १९५९ मध्ये झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. कलागृह, दिवे, कॅमेरे ही खर्चाची सामग्री तेथेच एकवटली, आणि पुढे खाजगी मराठी वाहिन्यांचेही मुख्य ठाणे मुंबईच ठरले.

इंदूरच्या मराठी गायकाला वा नटाला मुंबई गाठणे असे प्राप्त झाले. प्रश्न प्रवासाच्या कष्टांचा नाही. तो भाषेचा आहे. हिंदी आणि माळवी ह्यांच्या शेजारात घडलेली इंदुरी मराठी कॅमेऱ्यापुढे सोवळी केली जाते, तेव्हा मराठीचेच एक रूप पडद्याआड राहते.

साहित्याने मात्र उलट दिशेचा दाखला घालून दिला आहे. १९१७ साली आणि पुन्हा २००१ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरास भरले. कलागृहानेही तो मार्ग धरावा. कारण केंद्र परिघाकडे चालत जाते, तेव्हाच भाषेला आपला खरा विस्तार दिसतो.