खेकड्याचे कल्ले आणि सोडियम पंप : शोधाचा इतिहास
समुद्रातून खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात शिरलेल्या युरोपीय किनारी खेकड्याचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट राहते. हे क्षार टिकवणारे इंद्रिय कोणते? उत्सर्जक ग्रंथी हे उत्तर पुरेसे नव्हते. कारण या खेकड्याचे मूत्र जवळपास रक्ताइतकेच खारट असते, म्हणजे त्यातून क्षार वाया जातात. ही तूट कल्ले भरून काढतात, असे नागेल यांनी १९३४ मध्ये मांडले. १९५४ मध्ये कोख व सहकाऱ्यांनी चिनी मिटन खेकड्याचे कल्ले शरीरापासून वेगळे केले. तरीही ते विरल द्रावणातून आयन शोषत राहिले.

यामागील यंत्रणा मात्र कल्ल्यांत नव्हे, चेतातंतूंत सापडली. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी किनारी खेकड्याच्या पायांच्या चेतातंतूंतील सोडियम-पोटॅशियम एटीपेज या विकराचे वर्णन केले. एका एटीपी रेणूच्या ऊर्जेवर ते ३ सोडियम आयन पेशीबाहेर व २ पोटॅशियम आयन आत नेते. पुढे हेच विकर मागील कल्ल्यांत विपुल आढळले. तेथे ते सोडियम रक्ताकडे ढकलते आणि पाण्याची क्षारता घटल्यावर त्याची क्रियाशीलता वाढते. स्कू यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.