राघोबादादाचा सौदा आणि ठाण्याचा किल्ला

सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्ट पंडिताची कथा जर्मनींत जन्मली आणि गटे कवीमुळें ती जगभर गेली. तींतली एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. फाउस्ट जें विकतो तें निदान त्याच्या स्वतःच्या मालकीचें असतें. राघोबादादानें इंग्रजांशीं जो सौदा केला त्यांतला माल त्याचा नव्हताच.

हा माल म्हणजे वसई, साष्टी बेट आणि त्या बेटाच्या खाडीकांठचा ठाण्याचा किल्ला. चिमाजी अप्पाच्या मोहिमेंत १७३७ सालीं ठाणें पोर्तुगीजांकडून घेतलें गेलें आणि १७३९ त वसई पडली. त्यासाठीं हजारों मराठ्यांनीं प्राण वेंचले. मुंबईकर इंग्रजांची नजर या मुलखावर फार दिवसांची होती.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्याचा खून झाला. रामशास्त्र्यांनीं राघोबास दोषी ठरविलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं नारायणरावाच्या विधवेस पुत्र झाला, आणि राघोबाचा गादीवरचा उरलासुरला हक्कही संपला. कारभाऱ्यांच्या फौजा पाठीस लागल्या तेव्हां त्यानें मुंबईच्या कौन्सिलाशीं बोलणें लाविलें. इंग्रजांनीं साष्टी आणि वसई मागितली. येथें राघोबाच्या बाजूनें एवढें सांगितलेंच पाहिजे कीं, प्रथम त्यानें साफ नकार दिला. मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत नेणाऱ्या मोहिमेचा हा नायक. आपल्यापाशीं काय मागितलें जात आहे, हें त्यास पुरतें कळत होतें.

पण इंग्रज त्याच्या होकारासाठीं थांबले नाहींत. साष्टी परत घेण्यास पोर्तुगीज आरमार येणार, अशी वार्ता उठली होती. तेवढें निमित्त त्यांना पुरलें. डिसेंबर १७७४ मध्यें जनरल गॉर्डन ठाण्यावर चालून आला. कित्येक दिवस तोफा तटावर चालत होत्या. रात्रीं खंदक भरण्याचा पहिला प्रयत्न किल्लेकऱ्यांनीं हाणून पाडला. त्यांत सुमारें शंभर गोरे कामास आले. आरमाराचा अधिकारी वॉटसन यास प्राणांतिक जखम झाली. पुढच्या हल्ल्यांत मात्र किल्ला गेला, आणि आंतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल उडाली. जो किल्ला हीं माणसें देह ठेवून राखीत होतीं, त्याचाच सौदा तिकडे सुरतेच्या इंग्रजांशीं चालला होता.

फेब्रुवारी १७७५ मध्यें राघोबाचा गुजराथेंत पराभव झाला आणि तो खंबायतच्या वाटेनें सुरतेस पळाला. आतां नकार द्यावयास बळ उरलें नव्हतें. ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेचा तह झाला. साष्टी व वसई इंग्रजांस कायमची. बदल्यांत अडीच हजार फौजेची मदत, आणि तिचा दरमहा दीड लाख रुपये खर्चही राघोबाच्याच माथीं! रोकड नव्हती, म्हणून सहा लाखांचे जवाहीर गहाण पडलें. कथेंतला सैतान मुदत भरेपर्यंत वाट पाहतो. या व्यापाऱ्यांनीं किंमत आधीं उचलली आणि करारावर सही मागाहून घेतली.

पुढचा सात वर्षांचा झगडा सर्वांस ठाऊकच आहे. कलकत्तेकरांनीं हा तह रद्द ठरविला, पण साष्टी सोडली नाहीं. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास इंग्रजांची मानहानि झाली. १७८० सालीं कल्याण आणि वसई दोन्ही त्यांनीं जिंकून घेतलीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत आली. ठाणें आलें नाहीं. राघोबास पेशवाईऐवजीं दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षीं कोपरगांवास त्याचा अंत झाला.

त्याचा पुत्र दुसरा बाजीराव यानें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस इंग्रजांशीं तह केला. बापानें मुलूख दिला होता, मुलानें स्वातंत्र्य दिलें. १८१७ च्या पुण्याच्या तहानें कल्याणासह सारें उत्तर कोंकणही गेलें. तत्पूर्वीं बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे यास इंग्रजांनीं कैद करून ठेविलें, तें ठाण्याच्या याच किल्ल्यांत. सप्टेंबर १८१६ मध्यें तो तेथून निसटला. पण किल्ला तुरुंगच राहिला, आणि आजही तेथें तुरुंगच आहे.