शेवळ

(शास्त्रीय नाव : अमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस, कुल : अ‍ॅरेसी). सुरणाच्या जातकुलीतील रानकंद. प्रामुख्याने पश्चिम घाट व कोकणात आढळतो. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ-बदलापूरकडील पानझडी रानांत मेअखेरीस वळीव पडून गेला की जमिनीतून थेट फुलोराच वर येतो. पान त्यानंतर येते, तेही एकच : ठिपकेदार देठाचे आणि तीन फाट्यांत विभागलेले. त्यामुळे ओळख पटवायची ती फुलोऱ्यावरून आणि पुढे फळांवरून.

लांब दांड्यावर जांभळट-तपकिरी महाछद असतो व त्याच्या आत स्थूलकणिश. कणिशाच्या तळाशी स्त्री-फुले, त्यांच्या वर पुं-फुले आणि सर्वांत वर निमुळते, गुळगुळीत, वांझ टोक. स्त्री-फुले आधी पक्व होतात. उमलल्यावर येणाऱ्या कुजकट वासाने कीटक ओढले जातात. सुरणाचा फुलोरा बसका व त्याचे टोक गड्ड्यासारखे ओबडधोबड असते, तेव्हा तेथे गफलत होत नाही. होते ती सापकांद्याशी. पण सापकांद्याचा महाछद नागाच्या फणीसारखा पुढे झुकून कणिश झाकतो, शेवळाचा मात्र समोरून उघडा असतो.

फळे पावसाळ्यात धरतात. महाछद व वरचे टोक गळून जाते आणि दांड्याच्या शेंड्याला मृदुफळांचा दाट घोस उरतो. हिरवी फळे पिकताना नारिंगी-लाल होतात. हा घोस क्वचितच पाहायला मिळतो, कारण माणसे खातात तो न उमललेला फुलोराच. ठाकूर व कातकरी बाया त्याच्या जुड्या बाजारात आणतात. कंद जमिनीत राहत असल्याने पुढच्या वर्षी झाड त्याच जागी उगवते; बी मात्र त्या वर्षी धरत नाही.

सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटाचे सुईसारखे स्फटिक असल्याने कच्चे शेवळ तोंडाला व घशाला खाजते. म्हणून निवडताना आतला पिवळा, दाणेदार भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. बाजारात शेवळांच्या शेजारीच काकडांचे वाटे लावलेले असतात. ते न घेता घरी येणारा गिऱ्हाईक नवखाच. सीकेपी घरांत ही भाजी कोळंबी किंवा खिमा घालूनही करतात.