रक्तातील एका आकड्याची कुळकथा

पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली पुरःस्थ ग्रंथी, जिला रोजच्या बोलण्यात आपण प्रोस्टेट म्हणतो, ती वृषणांच्या ताबेदारीत वागते, हे ज्ञान वैद्यकशास्त्राला माणसाआधी जनावरांनी दिले. लंडनचे विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे नमूद केले होते की, खच्ची केलेल्या जनावराची ही ग्रंथी लहान, शिथिल व चिवट होऊन राहते, आणि भुईत बिळे करून राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्यात तर ती हिवाळ्यात जेमतेम दिसते व वसंत ऋतू येताच फुगून मोठी होते. या निरीक्षणाचा माणसावर उपयोग व्हायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट यांनी १८९५ साली, ग्रंथी वाढल्यामुळे लघवी तुंबलेल्या व त्यासाठी वृषणच्छेदन केलेल्या १११ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुष्कळांची ग्रंथी आक्रसली, तरी हा उपाय फार काळ टिकला नाही, आणि म्हाताऱ्यांनी त्याबद्दल फारशी हळहळ केली असेल असे वाटत नाही.

तोवर ग्रंथीची परीक्षा वैद्याच्या बोटांवर अवलंबून होती; आत काय चालले आहे याचा दाखला रक्तातून मिळू शकेल, ही कल्पना अजून उगवायची होती. जर्मनीत १९३५ साली, ॲसिड फॉस्फेटेज नावाचे एक एंझाइम या ग्रंथीत विपुल असते असे आढळले, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अलेक्झांडर व एथेल गटमन या दांपत्याने १९३८ साली असे दाखवून दिले की, ग्रंथीचा कर्करोग हाडांपर्यंत पसरलेल्या रोग्यांच्या रक्तात हेच एंझाइम प्रमाणाबाहेर वाढलेले असते. रक्तातून अशा रीतीने कर्करोगाची चाहूल घेण्याच्या फार जुन्या उदाहरणांपैकी हे एक होय.

या आकड्याचे खरे मोल ओळखले ते शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे १९०१ साली जन्मलेले आणि हार्वर्डमधून वैद्यकाची पदवी घेऊन १९२७ साली शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यक विद्यालयात रुजू झालेले हे गृहस्थ पेशाने शल्यविशारद होते. पण त्यांचे चित्त रमले ते कुत्र्यांच्या पुरःस्थ ग्रंथीचा स्राव महिनोन्महिने गोळा करून त्याचा जमाखर्च मांडण्यात. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसाप्रमाणे या ग्रंथीचे विकार आपोआप होतात, आणि प्रयोगाच्या मध्येच एखादा कुत्रा अर्बुदग्रस्त निघाला की सारा हिशेब विसकटत असे. परंतु जे प्रथम उपद्रव वाटले तेच पुढे मुद्दाम शोधले जाऊ लागले, कारण वृषणे काढताच किंवा स्त्री-संप्रेरक देताच ही अर्बुदे आक्रसत होती. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक १९३५ साली शुद्ध रूपात हाती आले होते, आणि चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ साली स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक सिद्ध केले होते. म्हणजे प्रश्न विचारण्याची सगळी साधने त्या दशकाने जणू तयार ठेवली होती. हगिन्स आणि त्यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली, रोग हाडांत पसरलेल्या आठ रोग्यांवरील जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांचा तपशील थोडक्यात असा: वृषणच्छेदन वा स्त्री-संप्रेरक यांनी रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज उतरले, आणि टेस्टोस्टेरॉन टोचताच ते चढले. कर्करोग हा कोणाचाच हुकूम न मानणारा स्वयंभू बंडखोर आहे, या तत्कालीन समजुतीला याने मोठा तडा गेला. नोबेल पारितोषिकाने या कामाची दखल मात्र तब्बल पंचवीस वर्षांनी, १९६६ साली घेतली.

पण आकडा उतरला म्हणजे रोगी वाचला, असे समीकरण मांडण्याची घाई त्यानंतर सार्वत्रिक झाली, आणि माझ्या मते या इतिहासातील खरी चूक तीच. आकडा उतरवणारे औषधच जिवावर बेतू शकत होते: अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन केलेल्या पाहणीचा १९६७ सालचा अहवाल सांगतो की, रोज पाच मिलिग्रॅम स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्यांत हृदयविकार व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढले होते.

पुढे ॲसिड फॉस्फेटेजची गादी पीएसए या प्रथिनाकडे गेली. १९७९ साली बफेलो येथील रोझवेल पार्क संस्थेत ते ग्रंथीतून शुद्ध करण्यात आले, आणि १९९४ साली अमेरिकन सरकारने रोगाच्या शोधासाठीही त्याच्या चाचणीस परवानगी दिली. वीर्य पातळ करणे हे त्याचे काम. वीर्यात ते रक्ताच्या सुमारे दहा लाख पटींनी अधिक असते, आणि ग्रंथीची वीण सैल झाली की त्यातले थोडे रक्तात झिरपते. ते कर्करोगाने झिरपते तसे जंतुसंसर्गाने किंवा वयोमानपरत्वे होणाऱ्या निव्वळ वाढीनेही झिरपते, म्हणून दर मिलिलिटरमागे चार नॅनोग्रॅम ही सर्वतोमुखी झालेली मर्यादा फैसला नव्हे, फार तर चौकशीचे निमित्त. शिवाय या प्रथिनाची निर्मितीच पुरुष-संप्रेरकाच्या हुकमाने होते; ग्रंथी लहान करण्यासाठी दिले जाणारे फिनास्टेराइड काही महिन्यांत हा आकडा निम्म्यावर आणते, आणि जाणते वैद्य अशा रोग्याचा आकडा दुप्पट करूनच वाचतात.

आहाराचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत या कर्करोगाचे प्रमाण मायदेशापेक्षा वाढते असे दिसल्यापासून ताटाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. लठ्ठ पुरुषांचा पीएसए कमी भरतो, पण त्यात समाधान मानण्याजोगे काही नाही. त्यांच्या अंगात रक्तद्रव अधिक असल्याने तेवढेच प्रथिन अधिक पातळ होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. डीन ऑर्निश यांनी २००५ साली सौम्य कर्करोगाच्या ९३ पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला: शुद्ध शाकाहार, चालणे व योगासने पत्करलेल्यांचा पीएसए वर्षभरात सरासरी चार टक्के उतरला, इतरांचा सहा टक्के चढला. यात श्रेय भाजीचे की आसनांचे, हे त्या प्रयोगावरून ठरवता येत नाही. उलट सेलेनियम व जीवनसत्त्व ई यांच्या गोळ्यांची ३५,५३३ पुरुषांवरील परीक्षा २००८ साली थांबवावी लागली, आणि २०११ च्या हिशेबात जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांतच कर्करोग सतरा टक्क्यांनी अधिक निघाला.

२०२० साली केवळ भाजीपाल्याची शहानिशा प्रसिद्ध झाली. रोग आरंभावस्थेत असून नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या ४७८ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दूरध्वनीवरून आहाराचा उपदेश केला गेला, आणि त्यांनी भाज्या खरोखरच खाल्ल्या, कारण त्यांच्या रक्तातील, भाज्यांतून येणाऱ्या कॅरोटिनॉइडांचे वाढलेले प्रमाणच तशी ग्वाही देत होते. पीएसएच्या चालीत वा रोगाच्या प्रगतीत मात्र दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.