पोथी, प्रत आणि पॅकेज

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानदेवांनी सांगितले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले आणि पुढे ग्रंथ नकलांवाटे पसरला. नकलेगणिक पाठ बदलले, क्षेपक ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी पाठशुद्धी केली आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदही जोडली. एका गावी सिद्ध झालेला ग्रंथ दुसऱ्या गावी पोहोचेपर्यंत तोच कसा राहावा, हा प्रश्न इतका जुना आहे.

संगणकाच्या आज्ञावलींपुढेही तो उभा राहिला. 'पर्ल' ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. वॉल यांनी भाषाविज्ञानाचे शिक्षण घेतले होते, हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. १९९४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने त्या भाषेला मॉड्यूल दिले. मॉड्यूल म्हणजे एका कामापुरता, स्वतःचे नाव असलेला आणि इतरांना आपल्या लेखनात बोलावता येणारा भाग. १९९५ मध्ये अशा मॉड्यूलांचे सार्वजनिक भांडार 'सीपॅन' खुले झाले.

तेथून येणाऱ्या पॅकेजची रचना एखाद्या चोख संपादित ग्रंथासारखी असते. 'मॅनिफेस्ट' नावाच्या यादीत आतील प्रत्येक फाइलची नोंद असते; एक पान गळले तरी ते कळते. आवृत्तीचा क्रमांक असतो. आधी कोणती मॉड्यूले हवीत, हेही सांगितलेले असते. बसवण्याचे टप्पे चार. प्रथम पूर्वअटी तपासल्या जातात, मग फाइली एका तात्पुरत्या जागी रचून बांधणी होते, त्यानंतर लेखकानेच लिहिलेल्या चाचण्या चालतात आणि शेवटी सर्व काही मूळ भाषेच्या ग्रंथालयात जाऊन बसते. उतरवून घेतलेली प्रत वाटेत बिघडली नाही ना, हे 'चेकसम' या अंकांवरून पडताळता येते.

मात्र चेकसम फक्त सारखेपणाची ग्वाही देतो, योग्यतेची नव्हे. मूळ लेखनातच चूक असेल तर ती चूकही तंतोतंत पोहोचते. चाचण्यांनाही लेखकाला सुचले तेवढेच दिसते. पाठ कोणता स्वीकारावा हा निर्णय एकनाथांप्रमाणे अखेर माणसालाच घ्यावा लागतो. आणि तो तपासायचा तर मागची प्रत हाताशी असावी लागते. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली, पण मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. वाद उरला, पडताळणी खुंटली.

मार्च २०१६ मध्ये 'एनपीएम' या दुसऱ्या भांडारातून लेखकाने 'लेफ्टपॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज काढून घेतले आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावलींची बांधणी थांबली. सीपॅनवरून काढलेली जुनी पॅकेजे मात्र 'बॅकपॅन' या संग्रहात जपली जातात. नवी शुद्ध प्रत बसवताना जुनी पुसू नये, ही शिस्त पाठचिकित्सेचीच आहे. पोथ्यांच्या बाबतीत ती आपण पाळली असती, तर आज कितीतरी वाद पुराव्याने मिटले असते.