धाकटा समुद्र

गेल्या दिवाळीत मुंबईचा नातू नागभीडला आला. घोडाझरीचा तलाव पाहून झाल्यावर त्याने माझी कीव केल्यासारखे विचारले, "आजोबा, तुमच्याकडे समुद्र का नाही हो?" मी म्हणालो, "अरे, तुझ्या पायांखालचा खडक तुझ्या समुद्राहून थोरला आहे!"

ही थट्टा नव्हे. नागभीडच्या आसपासचे जुने खडक दोनशे कोटींहून अधिक वर्षांचे. हिंदी महासागराचा तळ मात्र वीस कोटी वर्षांचाही नाही. त्याला जन्म दिला तो एका भूखंडाच्या फाटण्याने, आणि त्या भूखंडाचे नाव आमच्या मुलखाचे.

मध्य हिंदुस्थानातील कोळसा ज्या थरांत सापडतो, त्यांना मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये 'गोंडवन' म्हटले. त्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेसारखी पाने उमटलेली आढळतात. तसलीच पाने आफ्रिकेतही निघाली. मधे एवढा समुद्र असता ती तेथे गेली कशी? व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूसने १८८५ मध्ये तर्क केला की हे सारे एकच भूखंड होते, मधली जमीन बुडाली. त्याने त्याला 'गोंडवनभूमी' म्हटले. (गोंडवन म्हणजेच गोंडांची भूमी, तिला पुन्हा भूमी जोडणे म्हणजे 'पिवळा पीतांबर'!) पुढे १९१२ मध्ये वेगेनर म्हणाला, जमीन बुडाली नाही, सरकली. त्याच साली दक्षिण ध्रुवाहून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तंबूपाशी सुमारे सोळा किलो दगड निघाले. प्राण जात असतानाही त्या माणसांनी ते टाकले नव्हते. त्यांत हीच पाने होती.

तरी जमीन सरकते कशी, हे उमगेना. उत्तर समुद्राच्या तळाशी होते. तेथे लांबच लांब डोंगररांगा आहेत. त्यांच्या माथ्यावरील भेगेतून तप्त रस वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो; फार जुना तळ अन्यत्र पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. म्हणून समुद्र जुना होतच नाही. थिजताना खडक त्या काळची चुंबकीय दिशा जपून ठेवतो. हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग रांगेवरच्या अशा पट्ट्यांचा अर्थ व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये लावला, आणि वेगेनरची बाजू सावरली. तो बिचारा १९३० मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात गेला होता.

नातवाने हे सारे शांतपणे ऐकले. "गोंडवन आम्हाला भूगोलात आहे," तो म्हणाला. "पण आजोबा, गोंड म्हणजे कोण?"

मला उत्तर सुचेना. १७५१ मध्ये भोसल्यांनी चांद्याचे गोंड राज्य घेतले. पण गोंड माणसे कोठे गेली नाहीत. आठवडी बाजारात तो त्यांच्या शेजारून चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही चांदा फोर्टला उतरलो आणि गोंड राजांच्या परकोटाच्या कडेकडेने जटपुरा वेशीपर्यंत चालत गेलो.