गाळलेल्या ओळींची बेरीज

अहवालातली बेरीज चुकली की संशय आधी सूत्रावर जातो. प्रत्यक्षात सूत्र बहुधा बरोबर असते. ते कोणत्या ओळींवर चालले, हे नजरेआड असते. विदा गाळण्याची क्रिया डोळ्यांसमोरून हळूहळू कशी नाहीशी झाली, त्याचाच हा इतिहास आहे.

१८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी सव्वासहा कोटींहून अधिक लोकांची मोजणी केली. माणशी एक भोके पाडलेले कार्ड. दांडा खाली दाबला की भोकांतून टाचण्या पाऱ्याच्या वाट्यांत बुडत, वीजप्रवाह सुरू होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. रिले जोडून दोन-तीन अटी एकत्र घालता येत. पुढच्या काळातल्या कार्डयंत्रांवर वर्गवारी तपासण्याची रीत फारच सुबक होती: निवडलेला गठ्ठा नीट जुळवून एकाच जागच्या भोकांतून सुई घालायची, ती अडली की चुकीचे कार्ड तिथेच सापडे.

१९७४ मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी विदासाठ्यातून हव्या त्या ओळी मागवण्याची, पुढे एसक्यूएल झालेली भाषा मांडली. तिच्यात गट पाडण्याआधीची अट ‘व्हेअर’मध्ये आणि गट पाडल्यानंतरची ‘हॅविंग’मध्ये लिहितात. जागा चुकली तर आकडे बदलतात, पण अट निदान लिहिलेली दिसते.

स्प्रेडशीटमध्ये दिसणे आणि मोजले जाणे यांची फारकत झाली. एक्सेलमध्ये फिल्टर लावल्यावर ओळी लपतात. ‘सम’ मात्र लपलेल्या ओळीही मिळवते. फक्त दिसणाऱ्या ओळींच्या बेरजेसाठी ‘सबटोटल’ वापरावे लागते. तिथेही बेरजेसाठी द्यायचा ९ हा क्रमांक फिल्टरने गाळलेल्या ओळी सोडतो, हाताने लपवलेल्या मोजतो. दोन्ही सोडणारा १०९ हा क्रमांक २००३ च्या आवृत्तीत आला.

१९९१ च्या लोटस इम्प्रोव्ह या स्प्रेडशीटने आणि त्यानंतर एक्सेलच्या पिव्होट टेबलने आणखी मोठा बदल केला. तक्त्यातला प्रत्येक चौकोन स्वतःची गाळणी घेऊन येऊ लागला: ओळीचे शीर्षक, रकान्याचे शीर्षक आणि वरची निवड मिळून त्याची अट ठरते.

२०१० मध्ये एक्सेलच्या पॉवरपिव्होटबरोबर मायक्रोसॉफ्टने डॅक्स ही सूत्रभाषा आणली. २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या पॉवर बीआय या अहवाल-साधनाचाही ती कणा आहे. चौकोनाच्या त्या न लिहिलेल्या अटींना तिच्यात ‘फिल्टर कॉन्टेक्स्ट’ म्हणतात आणि ‘कॅल्क्युलेट’ हे फंक्शन त्या बदलू शकते. नेहमीची चूक इथेच होते. ‘रंग = लाल’ अशी अट घातली की ती रंगाच्या रकान्यावरची आधीची अट पुसून तिची जागा घेते. त्यामुळे रंगवार अहवालात निळ्या आणि हिरव्या ओळीसमोरही लालचाच आकडा उभा राहतो. दोन्ही अटी टिकवायच्या असतील तर ‘कीपफिल्टर्स’ लागते.

एकूण बेरजेचे कोडेही याच मुळातले. जानेवारी आणि फेब्रुवारी या दोन्ही महिन्यांत खरेदी केलेला ग्राहक प्रत्येक महिन्यात एकदा मोजला जातो, पण वेगवेगळे ग्राहक मोजणाऱ्या सूत्राच्या एकूण ओळीत तो एकच. ती ओळ वरच्या आकड्यांची बेरीज करत नाही. महिन्याची अट काढून सूत्र नव्याने चालवते. हा दोष नव्हे, पण तसे न सांगता दिलेला अहवाल वाचणाऱ्यावर अन्याय करतो.

२०१५ मध्ये डॅक्सला ‘व्हार’ने मांडायचे चल मिळाले. त्याचे मूल्य जिथे ते मांडले तिथल्या अटींनुसार ठरते आणि पुढे गोठते. नंतर त्याभोवती ‘कॅल्क्युलेट’ गुंडाळून काही बदलत नाही. ही गोष्ट माहीत नसलेल्यांचे तास वाया जातात. पण दोष शोधण्याचे सर्वांत कामाचे साधनही तेच ठरले: सूत्राचे तुकडे चलांत मांडायचे आणि शेवटच्या उत्तराऐवजी एकेक चल ‘रिटर्न’ करून पाहायचे. जोडीला, त्या चौकोनात रकान्याची कोणती मूल्ये शिल्लक आहेत ती स्वल्पविराम देऊन दाखवणारे एक तात्पुरते सूत्र शेजारच्या रकान्यात ठेवले की गाळणी पुन्हा डोळ्यांना दिसू लागते.